हेमलकशातला बर्फ कसा वितळवावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात, विशेषतः हेमलकसा आणि आसपासच्या गावांत, दारापुढची वाट आणि रॅम्प निसरडा होऊ नये म्हणून योग्य द्रव्य शोधणाऱ्या नवशिक्यांसाठी आहे. जाणकारांनी ते वाचू नये. त्यांना हसू येईल आणि हातातलं काम राहून जाईल.

साहित्य

बर्फ वितळवणाऱ्या द्रव्याचा एक डबा. तो तुमच्याकडे असणारच. मिनियापोलिसला राहणारा भाचा सुट्टीला आला, तेव्हा त्याने बॅगेतल्या चॉकलेटांखालून काढून दिला. ‘मामा, तुम्ही पावसाळ्यात तिकडे जंगलात कामाला जाता ना? रॅम्पवर माणसं घसरतात म्हणालात. आमच्याकडे हेच टाकतात.’ भाच्याचं काही चुकलेलं नाही. त्याच्या शहरात बर्फ पडायचा थांबला की २४ तासांच्या आत घरापुढचा फुटपाथ मोकळा करणं घरमालकावर बंधनकारक आहे. तिथे घसरणं म्हणजे बर्फ आणि बर्फ म्हणजे डबा. डब्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की हे उणे २५ फॅरनहाइटपर्यंत काम करतं, काँक्रीटला जपतं आणि पाळीव प्राण्यांना सुरक्षित आहे. या तिन्ही दाव्यांची हेमलकशात परीक्षा घ्यायची आहे.

पहिली पायरी : बर्फ आहे याची खात्री करा

महाराष्ट्रात बर्फ मिळतो, नाही असं नाही. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या धक्क्यावर आणि लिंगमळ्याच्या बाजूला पहाटे दव गोठतं. गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो येतो, पर्यटक तो थर नखाने खरवडून मुलांच्या हातावर ठेवतात आणि ऊन वर आलं की सगळं संपतं. राज्याला आजवर लागलेलं बर्फ वितळवणारं द्रव्य एवढंच : सकाळचं ऊन. ते फुकट मिळतं.

हेमलकशात तेवढंही नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास आला की शेकोट्या पेटतात. शून्याकडे जायचा विचारही तो करत नाही. मे महिन्यात हाच पारा ४५ ओलांडतो. तेव्हा पहिल्या पायरीचा निष्कर्ष असा की बर्फ नाही. नवशिक्यांनी इथे खचू नये. बर्फ नसला तरी तुम्ही घसरणार आहात. जुलै लागू द्या.

दुसरी पायरी : आपण कशावरून घसरलो ते पाहा

बसल्या जागेवरून उठण्याआधी पाहिलंत तर सोयीचं. कोब्यावर जो काळसर-हिरवा बुळबुळीत थर आहे, त्याला आपण शेवाळ म्हणतो. त्यात हिरवं शैवाल असतं आणि पुष्कळदा नीलहरित शैवालही असतं. नीलहरित शैवालाच्या अनेक जाती स्वतःभोवती एक गिळगिळीत आवरण तयार करतात. उन्हाळ्यात ते सुकून काळ्या पापुद्र्यासारखं पडून राहतं. मेलं असं वाटतं. पहिल्या दोन-तीन सरी झाल्या की फुगतं आणि कामाला लागतं. यातल्या काही जाती हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून धानाच्या बांधीत हेच शैवाल जैविक खत म्हणून मुद्दाम सोडतात. शेतात कृषी खात्याचा माणूस ज्याचं कौतुक करतो, त्याच्यामुळेच दारात कंबर मोडते. गडचिरोलीत वर्षाला हजार मिलिमीटरच्या बऱ्याच वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वर सागाची, मोहाची दाट सावली. शैवालाला याहून चांगला मुक्काम सापडायचा नाही.

पादत्राणांविषयी एक सूचना इथेच देऊन ठेवतो. पुण्याहून येताना विकत घेतलेले पांढरे बूट काढून ठेवा. गावातली बाई डोक्यावर गुंडी घेऊन त्याच उतारावरून अनवाणी जाते ती पायाची बोटं रोवून, पावलं आखूड टाकून, गुडघे किंचित वाकवून. मिनियापोलिसलाही बर्फावर असंच चालायला शिकवतात. भाच्याला विचारून पाहा.

तिसरी पायरी : डब्यावरचं बारीक अक्षर

बर्फ वितळवणारी द्रव्यं मुख्यतः चार. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. ढोबळमानाने उणे ९ अंश सेल्सियसपर्यंत त्याचा उपयोग होतो. मॅग्नेशियम क्लोराइड उणे १५ च्या आसपासपर्यंत चालतं. कॅल्शियम क्लोराइड त्याच्याही पुष्कळ खाली जातं. आणि चौथा युरिया, जो उणे चार-पाचलाच हात टेकतो. ही सगळी पाण्यात विरघळून त्याचा गोठणबिंदू खाली ढकलतात. मुळात पाणी गोठलेलंच नसेल तर ढकलायला काही उरत नाही. पण डबा आणला आहे, तर एकेकाचा हेमलकशातला परिणाम पाहून घेऊ.

युरिया आधी निकालात काढतो. परदेशात ‘पाळीव प्राण्यांना सुरक्षित’ असा शिक्का असलेल्या डब्यांत बऱ्याचदा हाच असतो, कारण तो कुत्र्यांच्या पंजांना मिठाइतका झोंबत नाही. हेमलकशात तो डब्यातून आणायची गरज नाही. कडुनिंबाचा लेप दिलेला, ४५ किलोच्या गोणीत, धानासाठी मिळतो, तोही रांगेत उभं राहून. रांगेत मिळालेला युरिया रॅम्पवर टाकला तर हिरव्या शैवालाला नत्राचा खुराक मिळेल आणि रॅम्पवर अशी हिरवळ येईल की एखाद्याला तिथे रोवणी करायची इच्छा व्हावी.

कॅल्शियम क्लोराइडचा स्वभाव वेगळा. ते हवेतली वाफ ओढून घेतं आणि स्वतःच विरघळून जातं. याच गुणामुळे कच्च्या रस्त्यांवर धूळ उडू नये म्हणून ते शिंपडतात. रस्ता ओलसर राहतो. आता जुलैतल्या भामरागडची हवा डोळ्यांसमोर आणा, जिथे दोरीवरचा पंचा चौथ्या दिवशीही ओला असतो. अशा हवेत हे द्रव्य उतारावर पसरलंत, तर पाऊस थांबल्यावरसुद्धा उतार ओला राहील, शिवाय त्यावर तेलकट साय येईल. म्हणजे घसरण थांबवायला आणलेल्या द्रव्याने तुम्ही पाऊस नसतानाही घसरण चालू ठेवलीत. त्यातला क्लोराइड सिमेंटमधून झिरपून सळईपर्यंत पोचतो, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट तडकतं. कठड्याचा लोखंडी पाइप त्याआधीच जातो. ‘काँक्रीटला जपतं’ हा दावा इथे संपला.

तरी डबा फेकू नका. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात कपाटात टांगायला ओल शोषणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या मिळतात, त्यांत हेच द्रव्य असतं. भोकं पाडलेल्या भांड्यात थोडं घाला, खाली पाणी साठायला दुसरं भांडं ठेवा आणि रजिस्टरं, औषधांची खोकी ज्या बंद कपाटात आहेत तिथे, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. ओल्या हाताने उचलू नका. विरघळताना ते तापतं आणि कातडी भाजते. हेमलकशात या डब्याचा बरा उपयोग एवढाच आहे.

चौथी पायरी : मीठ (ही पायरी गाळू नका)

डब्यात निव्वळ मीठच असेल तर थांबा, कारण तुम्ही मूठभर मीठ घेऊन ते जमिनीवर फेकायला हात उचललात की मागून कोणीतरी विचारणारच, ‘मीठ काहून फेकता जी?’

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी इथला मिठाचा हिशोब माहीत हवा. भामरागडच्या जंगलात मीठ पिकत नाही. समुद्र फार दूर. १९३० साली सगळा देश मीठ उचलत होता तेव्हा विदर्भाच्या पुढाऱ्यांपुढे हीच अडचण होती. म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मिठाच्या कायद्याऐवजी जंगलचा कायदा मोडला. इथल्या माडिया गोंडांना मीठ मिळे ते बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्याकडून, आणि पैशाने नव्हे. तो मीठ देई आणि चारोळी, डिंक, मध, मोहफुलं नेई. चारोळीला मीठ, तेही पुष्कळदा मापास माप. आज पुण्याच्या दुकानात चारोळीचा भाव किलोला हजाराच्या वर आहे आणि मीठ अजून वीस-तीस रुपयांच्या घरात. त्या व्यवहारात कोणी काय कमावलं हे शोधायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत दवाखाना थाटून बसले. त्या वेळी रस्ता नव्हता, वीज नव्हती, पावसाळाभर बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला असे, आणि मिठाचा हा व्यवहार चालूच होता. ज्या घरात आजीने मिठाच्या खड्यासाठी दिवसभर चारोळीची फळं वेचून फोडली, त्या घरातल्या माणसापुढे तुम्ही मीठ पायवाटेवर उधळणार आहात. अमेरिका दरवर्षी रस्त्यांवर कोट्यवधी टन मीठ ओतते, हे त्याला सांगून पाहा. तो ऐकून घेईल. माडिया माणूस पाहुण्याचं बोलणं तोडत नाही. मनात काय समजायचं ते समजेल.

जनावरांचाही प्रश्न आहे. वनखातं चितळ-सांबरांसाठी जंगलात मुद्दाम मिठाचं चाटण ठेवतं, कारण गवत-पाल्यातून त्यांना सोडियम पुरत नाही. तुम्ही रॅम्पवर मीठ पसरलंत तर तुमचा रॅम्प हेच चाटण. संध्याकाळपर्यंत गावातल्या गाई, बकऱ्या आणि त्यांची लेकरं रॅम्पवर हजर होतील आणि घसरण वाढवणारा जो ऐवज जनावरं मागे ठेवून जातात, तो शैवालाच्या वर येईल. कोंबड्यांचं आणखी वाईट : मिठाचे खडे दाणे समजून टिपतात आणि जास्तीचं मीठ त्यांना बाधतं, मरतातही. कोंबडी मेली की भरपाईचा विषय निघतो. ‘पाळीव प्राण्यांना सुरक्षित’ हे डब्यावर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पट्ट्याला बांधलेला एक कुत्रा होता.

मीठ ताटात वाढा. पायरी संपली.

पाचवी पायरी : देशी द्रव्यं

डबा बाजूला पडला की नवशिक्याची नजर गावाकडे वळते आणि तिथेही मोह कमी नाहीत.

ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर असते. विहिरीत टाकायची, जलसुरक्षकाच्या ताब्यातली. शैवाल मरतं तिने, खरंच मरतं. पण ती पाण्यासाठी आली आहे, आणि पावसाळ्यात हगवण-उलटीची साथ आल्यावर पंचायतीत डबा रिकामा निघाला तर तुमच्या स्वच्छ रॅम्पवरून रुग्ण वर नेताना तुम्हाला बरं वाटणार नाही. स्वतःची ब्लीचिंग पावडर विकत आणा. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी उतारावर ओता, दहा-पंधरा मिनिटं थांबा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. उघड्यावर करा, हातात मोजे घाला, आणि धुतलेलं पाणी बोडीकडे किंवा ओढ्याकडे जाणार नाही असं वळवा. लोक तिथे मासे धरतात.

आता या टिपणातली एकमेव गंभीर ओळ, ती दोनदा वाचा : ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद जागेत तो माणूस मारतो.

नुसतं ॲसिडही वापरू नये. शैवाल जातं, उतार पांढराशुभ्र दिसतो, करणारा खूश. पण ॲसिड सिमेंटचा वरचा थर खातं, पृष्ठभाग सच्छिद्र होतो, आणि पुढच्या वर्षी त्या प्रत्येक छिद्रात शैवालाचं बिऱ्हाड.

मोरचूद माशांना विष आहे. नको.

चुलीतली राख टाकल्यावर पाचेक मिनिटं पाय ठरतो, मग तिचा चिखल होतो. तणस अंगणातल्या चिखलावर छान, कोब्यावर मात्र ते आठवड्यात कुजून स्वतःच निसरडं होतं. गोणपाटाचंही तसंच, वर त्याची घडी पायात येते. रेती टाकून बघा. पाय धरते, पण जोराच्या सरीने वाहून जाते आणि रोज टाकावी लागते. दगडाची चुरी जास्त टिकते.

सहावी पायरी : रॅम्पच तपासा

इथे मला थोडं रागाने लिहू द्या. हेमलकसा असो की हवेली तालुका, महाराष्ट्रातल्या सरकारी आणि बिनसरकारी रॅम्पांचा सगळ्यात मोठा शत्रू शैवाल नाही, चकचकीत टाइल आहे. उद्घाटनाच्या दिवशी फोटोत चमकावी म्हणून ठेकेदार उतारावर तीच गुळगुळीत टाइल लावतो जी आतल्या हॉलमध्ये लावली. काही ठिकाणी पॉलिश केलेला ग्रॅनाइट. त्यावर नुसतं पाणी पडलं तरी पुरे, शैवालाची वाट पाहावी लागत नाही. अशी टाइल कोणत्याही द्रव्याने सुधारत नाही. ती फोडा.

दुसरी गोष्ट उताराची. चाकाच्या खुर्चीसाठी नियम एकास बाराचा आहे : जोतं एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब. पुराच्या भागात जोतं उंच घेतात. अडीच फूट जोत्याला तीस फूट उतार लागतो, मध्ये थांबायला सपाट जागा वेगळी. प्रत्यक्षात सात-आठ फुटांत गुंडाळलेला असतो, कारण जागा तेवढीच ठेवली होती. अशा उतारावरून खुर्ची चढत नाही, घरंगळते. त्यावर मीठ टाकणारा आणि ब्लीचिंग टाकणारा, दोघेही सारखेच निरुपयोगी.

या रॅम्पवरून कोण येतं तेही पाहा. पावसाळ्यात या भागात ओढे भरले की गाडी गावापर्यंत जात नाही. रुग्णाला खाटेवर घालतात, खाट बांबूला बांधतात आणि चौघं खांद्यावर घेऊन चिखलातून, ओढ्यांतून चालत आणतात. अस्वलाने फाडलेला माणूस असतो, अडलेली बाळंतीण असते, सिकलसेलच्या कळांनी तळमळणारं पोर असतं. एवढं चालून आलेल्या चौघांचे पाय चिखलाने माखलेले, दमलेले, आणि दवाखाना कुठलाही असो, शेवटची दहा पावलं चढाची. तिथे पुढचा एक घसरला की खाट सोडावी लागते.

नवीन रॅम्प होत असेल तर गवंड्यापाशी उभे राहा. कोबा ओला असताना त्यावरून खराटा आडवा ओढायला सांगा, उताराला आडव्या रेघा पडतील अशा. खर्च शून्य. गवंडी म्हणेल की फिनिशिंग खराब दिसतं. दिसू द्या. जुना रॅम्प असेल तर आडव्या खाचा टाचून घ्या, किंवा जुन्या टायरच्या पट्ट्या नटबोल्टने पक्क्या बसवा. दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा.

मग वर बघा. वळचणीचं पाणी नेमकं उतारावर पडतंय का? पडतच असतं. पत्र्याला पन्हळ लावा, पाणी बाजूला सोडा. उतारावर आलेली फांदी छाटा. झाड पाडू नका, फांदी. दिवसातून थोडा वेळ ऊन पोचलं तरी शैवालाचा बराच जोर जातो.

सातवी पायरी : घासणे

बाकी सगळं झालं की हे उरतंच. पाऊस लागला की दर आठवड्याला, उघडीप मिळेल त्या सकाळी, थर ओला असताना तारेचा ब्रश आणि खराटा घेऊन घासायचं, पाण्याने लोटून द्यायचं. थर जाड होऊ दिला तर कंबर दुखेल, दर आठवड्याला केलंत तर अर्ध्या तासात होतं. हे काम शिपायाचं की परिचारिकेचं की स्वयंसेवकाचं, यावर सभा घेऊ नका. डबा घेऊन जो आला तो घासेल. तो तुम्ही आहात.

खरेदीची यादी लहान आहे : लांब दांड्याचा तारेचा ब्रश, दोन खराटे, रबरी मोजे, ब्लीचिंग पावडरचं एक पाकीट, पन्हळीसाठी पत्रा. हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत आणून ठेवा. जुलैत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाजार पलीकडे राहतो, आलापल्लीकडचे नाले भरले की इकडचा रस्ताही बंद, आणि ब्रश आणायला कोणी जात नाही.